ड्रॅगन फ्रूटची सोयरीक

सुरतेतल्या खानदेशी माणसाच्या लग्नाची गाठ ब्रह्मदेव मारतो हे खरं. पण ती पक्की बसली आहे की नाही हे ओढून बघण्याचं काम माझ्या चुलतसासऱ्यांकडे, म्हणजे आमच्या काकांकडे, आहे. नवागाम-डिंडोली भागात त्यांना विचारल्याशिवाय कुणी सोयरीक केली तर तिला लग्न म्हणत नाहीत, "त्यांनी आपलं परस्पर उरकलं" असं म्हणतात. कोणाचं कुळ काय, देवक काय, मामेकुळ कुठलं, कोणाच्या आत्याने कोणत्या मांडवात रुसून जेवण सोडलं होतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आयुष्यभर त्यांनी एका प्रोसेसिंग मिलच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासलं. तागा उलगडायचा, उजेडासमोर धरायचा आणि डाग शोधायचा. निवृत्त झाल्यावर कापड सुटलं, सवय सुटली नाही. माझ्या बायकोसाठी मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मला प्रश्न एकही विचारला नाही. नुसतं खिडकीपाशी उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि म्हणाले, "चालंस." पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी तत्त्वही सांगितलं, "जवाईबापू, माणूस म्हंजे कापड शे. उजेडसमोर धरा, डाग आपोआप दिसस." तेव्हापासून मी त्यांच्याकडे गेलो की शक्यतो सावलीत बसतो.

त्यांची दोन मतं दगडावरच्या रेघेसारखी. पहिलं मत असं की एका कुळात सोयरीक होत नाही. मुलगा-मुलगी एकमेकांना कितीही आवडोत, कुळ एक निघालं की काका चहा अर्धा ठेवून उठायचे. दुसरं मत असं की तापीबाहेरची सोयरीक करायची नाही. आपण गाव सोडून सुरतेला आलो असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "आपन उनूतच नहीत. तापीना पानीसंगे वाहीसन उनूत," असं ते म्हणतात. तापी खानदेशातून वाहत येऊन सुरतेत समुद्राला मिळते, तेव्हा तिच्या काठाकाठाने आलेला माणूस घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत गेला, एवढंच. मात्र ज्याच्या पूर्वजांनी तापीचं पाणी प्यायलं नाही तो कितीही सज्जन असो, पाहुणा. मग तो ओडिशाचा असो, उत्तर प्रदेशचा असो, नाहीतर मराठीच बोलणारा पण गोदावरीकडचा असो. मराठवाड्यातल्या मांजरा नदीकाठच्या माणसाचं मराठी ऐकलं की ते माझ्याकडे बघून हळूच विचारायचे, "हाई कोनती भाषा?"

आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, म्हणजे माझ्या मेहुणीने, नेमका हाच मांजराकाठ पसंत केला. मुलगा चलथाणच्या साखर कारखान्यात फिटर. त्याचे वडील मराठवाड्यातून ऊसतोडीला आले आणि तिथेच राहून गेले. मुलगा निर्व्यसनी, कमावता, बायकामाणसांना मान देणारा. काकांनी दुसऱ्या कोणासाठी असं स्थळ पाहिलं असतं तर स्वतः मांडवाचे बांबू रोवले असते. पण घरचंच कापड उजेडासमोर धरायची वेळ आली आणि त्यांना सगळीकडे डागच दिसायला लागला. लग्न कोर्टात झालं. काकांनी आदळआपट केली नाही. त्यांनी फक्त चलथाण हे गाव तोंडातून काढून टाकलं. त्याच वाटेने जाणारी बारडोलीची बस समोरून गेली तरी ते मान वळवून पानटपरीकडे बघायचे. लेकीच्या घरी का जात नाही असं कोणी विचारलंच तर म्हणायचे, "आपल्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत." रीत जुनी आहे, खरी आहे, पण ती आमच्या सगळ्या गल्लीत फक्त यांनाच आठवली.

काकू मुलीकडे जायच्या. जाताना मोठ्याने सांगायच्या, "मी उधनाले जाई येस." उधन्याला काकूंची एक बहीण राहते, तिला या भेटींचा पत्ताही नव्हता. काकाही बिलंदर. वर्तमानपत्रावरून डोळे न काढता म्हणायचे, "ती पिशवी ले. नवी बाजरी शे, कळण्यानं पीठ शे, वांगं शेतस. उधनामा चांगलं भेटत नही." संध्याकाळी काकू परत आल्या की काका विचारायचे, "उधनामा सगळं बरं शे ना? खोकला ग्या का?" त्या बहिणीला कधी खोकला झाल्याचं ऐकिवात नव्हतं. अशा रीतीने चार वर्षं आमच्या घराण्यात चलथाणला उधना म्हणायचा प्रघात पडला. इतका की एकदा माझ्या बायकोने आमच्या मुलीला नकाशा शिकवताना तोच गोंधळ केला.

ड्रॅगन फ्रूट घरात आलं ते याच काळात. लेक गेल्यावर घर अंगावर येत होतं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मीच आपलं सांगतो. शिरपूरकडच्या साडूंनी मळ्यात नवीन फळ लावलं होतं. त्यांच्याकडून काकांनी एकच फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने मांडीवर बसवून आणली. हिरवी, तीन धारांची, काटेरी. काकूंनी दारातच अडवलं. "निवडुंग लयनात घरमा? तुम्हनं डोकं फिरेल शे." काका म्हणाले, हे निवडुंग नव्हे, फळझाड आहे, सरकारने याला कमलम असं नाव दिलं आहे. कमळाचं नाव ऐकून काकूंनी वाट सोडली, पण तुळशीपासून चार हात लांब ठेवण्याच्या अटीवर.

मग गच्चीवर मिलमधून आणलेलं रंगाचं रिकामं निळं पिंप आलं. त्यात सिमेंटचा खांब उभा राहिला. खांबाच्या डोक्यावर फांद्यांना पसरायला आधार हवा म्हणून काकांनी आपल्या जुन्या लुनाचा टायर बसवला. फांद्या बांधायला साडीच्या कापडाच्या चिंध्या; त्यात सुरतेत कसली टंचाई? जरीच्या, फुलाफुलांच्या, लहरियाच्या चिंध्यांनी नटलेलं ते प्रकरण दुरून पाहणाऱ्याला बुजगावणं वाटे. शेजारच्या गच्चीवरचा ओडिशाचा कारागीर बिचारा सरळ मनाचा. तो म्हणाला, "चाचा, बढ जाए तो एक टुकडा हमको भी देना." काका म्हणाले, "नही भाई, ये हमारे घर का है." झाड वाढलं तशा काकांनी त्याच्या फांद्या वाटल्या, पण भाऊबंदांत. पुतण्याला दिली, भाच्याला दिली, मला तर आहेरात दिली. बाहेरच्याला द्यायची नाही ही शपथ घालून दिली. पाहता पाहता आमच्या भागात ज्या गच्चीवर खांब आणि खांबावर टायर, ते घर आपल्यातलं, अशी खूणच होऊन बसली. लग्न जमवणारे लोक मान वर करून कुळ ओळखू लागले.

तिसऱ्या वर्षी कळ्या आल्या. ड्रॅगन फ्रूटचं फूल म्हणजे वीतभर लांब, पांढरंशुभ्र, दिवेलागणीनंतर उमलतं आणि सकाळी ऊन लागलं की मान टाकतं. काकांनी फूल दाखवण्याचा कार्यक्रमच ठेवला. सतरंजी घातली, पोहे केले, भाऊबंद जमले. काकांनी विजेरीच्या उजेडात फूल खालून वरून तपासलं आणि निर्णय दिला, "एक डाग नही." सगळ्यांनी हाताला लागलेलं तेल पुसून टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी फूल देठासकट पिवळं पडून गळालं. काकूंनी केराच्या सुपलीत घेऊन दाखवलं, "हाई बी गयं." पुढचं गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. पुतण्याकडेही तेच, भाच्याकडेही तेच, माझ्याकडेही तेच. भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळीच्या फोटोखाली अभिनंदन आणि चार दिवसांनी त्याच फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजली, असा रिवाज सुरू झाला.

काकांनी कारणं शोधली. आधी नजर लागली म्हणून टायरला काळी बाहुली टांगली. मग पाणी कमी पडतं म्हणून रोज तांब्याभर घातलं, तर बुंधा सडायला लागला. मग पाणी बंद करून ताक घातलं, तर मुंग्या लागल्या. एकाने सांगितलं केळीच्या साली घाला, दुसऱ्याने सांगितलं सुकट घाला. सुकटीच्या वासाने गल्लीतली सगळी मांजरं गच्चीवर मुक्कामाला आली आणि काकूंनी तुळशीसाठी वेगळी गच्ची मागितली. असा आणखी एक हंगाम रिकामा गेला. मग मात्र काका खचले. "झाडले वंश नही," ते एकदा पायरीवर बसून म्हणाले. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही. झाडाचं निमित्त होतं हे न कळण्याइतका मी काही दगड नव्हे.

शेवटी माझ्या बायकोने आम्हा दोघांना ओढून बारडोली रस्त्यावरच्या एका नर्सरीत नेलं. नर्सरीवाल्या गुजराती गृहस्थाने फोनवरचे फोटो पाहिले, कोणकोणत्या गच्चीवर झाड आहे ते विचारलं, फांद्या कुठून आल्या ते विचारलं, आणि कपाळावर हात मारला. "काका, आ तो बधां एक ज मानां छोकरां छे! बीजी जातनो पराग जोईए. बहारथी लावो." थोडक्यात, सगळी एकाच आईची लेकरं, आमच्या सगळ्या गच्च्यांवर मिळून झाड एकच होतं. ही जात अशी की स्वतःच्या परागाने तिला फळ धरत नाही. दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग ब्रशने फुलात सोडावा लागतो. काका खिशातला चष्मा काढून पुसायला लागले. माझी बायको त्यांची पुतणी, तिची जीभ त्यांच्याच घराण्याची. ती म्हणाली, "काका, सगळ्या सुरतेला शिकवलंत की एका कुळात सोयरीक होत नाही. आणि झाडाचं मात्र भाऊबंदांतच जमवत बसलात!" घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं, आणि भाकरी थापता थापता सहज सांगितलं, "उधनामा एक शे. आतून धवळं निंघस. इहीनबाईनी लायेल शे." काका भाकरीकडे बघत राहिले. उधन्याला विहीणबाई कुठून आल्या हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या कळ्या टपोऱ्या झाल्या तशी काकांची घालमेल सुरू झाली. तिकडची कळीही त्याच सुमारास उमलणार, अशी बातमी काकूंनी आणली होती. आयुष्यभर लोकांच्या मागण्या घेऊन दारोदार हिंडलेला माणूस, पण स्वतःच्या झाडासाठी मागणी घालायला त्याला धीर होईना. "मध्यस्थ लागस," ते मला म्हणाले. "आपन स्वतः कसं बोलो?" मध्यस्थ मी झालो. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात नारळ आणि साखरेची पुडी, अशा थाटात काका माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. साखर कारखान्याच्या गावी साखर कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, रीत ती रीत.

विहीणबाई ओसरीतच होत्या. काकांना पाहून पदर सावरत उठल्या. "या इवाई, या. वाट चुकलाव काय?" काकांनी खाकरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "विहीणबाई, आम्ही मागणी घालायला आलोय."

"आता आनि कुनाची? पोरगी तर कवाच आमच्यात आली."

"झाडासाठी," मी म्हणालो, आणि सगळी हकीकत सांगितली. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतून जावई बाहेर आला आणि सासऱ्याला पाहून पुन्हा आत गेला. "आमचं झाड लई गुनाचं हाय," त्या म्हणाल्या, "पर हुंडा मिळायचा न्हाई बगा." मेहुणी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. काकांनी हात वर केला. "लेकीच्या घरचं पाणी चालत नाही आमच्यात."

"मंग इवायाच्या घरचं म्हून घ्या."

काका टोपी काढून पुन्हा घालू लागले. मेहुणीने तांब्या कोनाड्यात ठेवला, आणि परसातल्या झाडाकडे चला म्हणाली. फूल नुकतंच उघडत होतं. तिने आपल्या तोंडाला पावडर लावायच्या ब्रशने पराग झाडून कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात घेतला. बाप-लेकीत चार वर्षांनी झालेलं संभाषण मी शब्दशः ऐकलं. काका म्हणाले, "ओलं होऊ देऊ नको." ती म्हणाली, "कोरडाच शे करंडा." एवढंच. पण करंडा हातात देताना तिने तो पटकन सोडला नाही, आणि काकांनीही ओढून घेतला नाही.

पहाटे गच्चीवर काकांनी तो पराग आमच्या फुलात सोडला. काकूंनी वाटीत अक्षता आणल्या होत्या. काकांनी त्या फुलावर टाकल्या आणि कोणी पाहत नाही असं समजून ओठांतल्या ओठांत मंगलाष्टकं म्हटली. ओडिशाचा कारागीर पलीकडून पाहत होता. त्याने आपल्या गच्चीवरून हात जोडले.

चौथा दिवस गेला, फूल सुकलं, पण देठ हिरवाच राहिला. मग देठाशी बोंड धरलं, फुगलं, गुलाबी झालं. भाऊबंदांच्या ग्रुपवर, ते आतून आईसारखं लाल निघणार की बापासारखं पांढरं, यावर दोन तट पडले. महिना सरून वर थोडे दिवस झाले आणि फळ पिकलं. सगळे पोह्यांच्या आशेने गच्चीवर जमले. काकांनी फळ खुडलं, सदऱ्याला पुसलं, पिशवीत ठेवलं आणि काकूंना म्हणाले, "चाल."

"कथा जानं शे?" काकूंनी विचारलं. "उधना?"

"चलथानले," काका म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव आलं होतं. काकू शेगडीवरचं दूध तसंच ठेवून चपला घालू लागल्या, म्हणून गॅस माझ्या बायकोला बंद करावा लागला.

आम्ही तिघे माझ्या मोटारसायकलवर दाटीवाटीने बसून चलथाणला पोचलो. तिकडे ओसरीवर ताट आलं, सुरी आली. मेहुणीने फळ चिरलं. आतून लालभडक, आणि त्यात तिळासारख्या काळ्या बिया. "आईवर ग्ये," काकू म्हणाल्या. सगळ्यांच्या हातात फोडी आल्या, काकांनी मात्र हात मागे घेतला. "तुम्ही खा. लेकीच्या घरी..."

"थांबा की इवाई," विहीणबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "लेकरू बापाच्या घरचं आसतंय, ह्ये तुमीच समद्यास्नी सांगता न्हवं? मंग नवरदेव कुनाचा हुता? आमचा. म्हंजी फळ आमचं. तुमी आनलं ते आमचंच आनलं. आता आमच्या घरचं खाताव, का आमचं लेकरू परत घिऊन जाताव?"

मी आजवर काकांना वादात हरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग एक फोड उचलली आणि सवयीने उजेडासमोर धरली. लाल रस मनगटावरून ओघळून पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर उतरला. "काय डाग शेतस रे हाईमा," ते पुटपुटले, आणि फोड तोंडात टाकली.

आता खरं सांगतो, त्या फळाला चव नव्हती. भिजवलेल्या काकडीत चिमूटभर साखर विसरावी, तितपत गोडवा. आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता चावत होतो. काकांनी आपली फोड सावकाश संपवली, रुमालाने हात पुसले, बाहीवरचा डाग पुसायचा प्रयत्नही केला नाही. मग मान खाली घालून म्हणाले, "माय, माले पानी दे वं."

मेहुणी पाणी आणायला आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. तांब्या जावयाने आणून दिला. काका घटाघटा प्यायले, थांबले, आणि उरलेलंही प्यायले. काकू पदराने डोळे टिपत होत्या.

परत येताना काकू लेकीकडे मुक्कामाला राहिल्या. काका एकटेच माझ्या मागे बसले होते. कालव्याच्या पुलावर ते म्हणाले, "जवाईबापू, हाऊ कालवा तापीनाच शे ना?" मी हो म्हणालो. पुढे उसाची शेतं संपून गिरण्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात आला, आणि फळाबद्दल अजून एक शब्दही न काढलेला तो माणूस म्हणाला, "तठलं पानी गोड शे."